बेंबीवरचा ठोका

आमच्या उमापूर भागात कुणाची बेंबी सरकली की माणूस माझ्याकडे येतो. हा हात मला आईकडून आला. उपाशीपोटी उताणं झोपवायचं, बेंबीवर अंगठा ठेवायचा. ठोका अंगठ्याखाली लागला तर ठीक, बाजूला लागला तर बेंबी सरकली. मग तेल लावून, चोळून तो जागेवर आणायचा. मी बी.ए. झालेय, तरी हे करते. कुणाला हसायचं त्यानं खुशाल हसावं.

त्या उन्हाळ्यात वडिलांचं पोट दुखायला लागलं. जन्मभर बिड्या ओढत शेरडांमागं फिरलेला माणूस. ठोका बेंबीच्या वर लागला, तोही लई जोरात. मी आठ दिवस रोज सकाळी चोळलं, अंगातला सगळा जोर लावून. ठोका हलेना. मला त्या ठोक्याचाच राग यायला लागला. शेवटी भाऊ वैतागला आणि त्यांना बीडला सोनोग्राफीला घेऊन गेला. तिथून थेट मोठ्या शहरात पाठवलं.

तिथले डॉक्टर म्हणाले, पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगलीय, कधीही फुटेल. पोट फाडायची गरज नाही, जांघेतून नळी घालून आतून अस्तर बसवू. मग त्यांनी विचारलं, पोटावर हे वळ कसले, कुणी चोळलंय? चोळताना फुटली असती तर माणूस जागेवर गेला असता.

"गावात एक बाई आहे," मी म्हणाले.

त्या बाईला सांगा, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. त्यानंतर मला काही वाटेनासंच झालं. वडील आत होते तेव्हा मी बाकावर बसून केळं खाल्लं. रडू आलं नाही, देवही आठवला नाही.

चार दिवसांत ते घरी आले. जांघेत दोन्हीकडे बारीक जखमा, बस्स. येईल त्याला सांगायचे, लेकीच्या हातानंच मी दवाखान्यापर्यंत टिकलो. मी उठून आत जायची.

परवा ओट्यावर एक बाई पोट धरून आली. मी तिला आधी डॉक्टरला दाखव म्हटलं. ती गेल्यावर वडील चिडले. म्हणाले, कामून परत पाठवली तिला?

"आबा, माझ्या हातानं तुमी मेला असता."

त्यांनी माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. तो दांडगा ठोका आता लागत नव्हता.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "डॉक्टरनं मलाबी इचारलं होतं. म्या म्हणलं, म्याच चोळत होतो."

मला तेव्हाही रडू आलं नाही. हात मात्र मी बराच वेळ काढला नाही.