हुरड्याला आलेला माणूस

हिंगणीजवळचं माझं कृषी पर्यटन केंद्र त्या हिवाळ्यात ओस पडलं होतं. भागीदार सगळं माझ्याकडून शिकला आणि जाम गावाजवळच्या हमरस्त्यावर स्वतःचं केंद्र काढून बसला. गिऱ्हाईक परत यावं म्हणून मी हुरडा भाजून, साफ करून ताटल्यांत देऊ लागलो. तरी कोणी येईना.

एका रविवारी तो एकटाच आला. साठीचा, गळ्यात मफलर. ताटली त्याने बोटाने हळूच परत सरकवली.

"भाजलेली कणसं द्या, अन् समोर बसा."

"मी मालक हाव. भाव ताटलीचाच पडन."

"तोच घ्या, पन बसा. एकट्यानं हुरडा खाल्ल्या जात नाई, भाऊ."

सौद्यात मी कोणाचं ऐकत नाही. त्या दिवशी बसलो. तो कणीस तळहातात चोळायचा, फुंकर मारून फोल उडवायचा आणि दाणे माझ्यापुढच्या पळसाच्या पानावर ठेवायचा. त्याचं पान रिकामंच होतं. ते मी भरायचं, हे मला उशिरा कळलं.

"घरी चोळून द्याले आता कोनी नाई," जाताना तो म्हणाला. पुन्हा दिसला नाही.

पुढच्या रविवारी मी ताटल्या आत ठेवल्या आणि आगटी पेटवली. पिपरी मेघेचं एक कुटुंब आलं आणि एकमेकांना दाणे देत संध्याकाळपर्यंत हसत बसलं. ते गेल्यावर राखेत एक कणीस उरलं होतं. मी ते चोळलं, फुंकलं आणि दाणे मुठीत धरून, तो मफलरवाला येतो का म्हणून रस्त्याकडे बघत बसलो.