गेट लावणारा माणूस

रेल्वेचे फोटो काढणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे परदेशातल्या जुन्या डिझेल इंजिनांचे फोटो येत असतात. निमुळतं नाक, गुळगुळीत अंग, चकचकीत डबे. मी आमच्या यवतमाळच्या छोट्या गाडीचे टाकले की दोघंतिघं अंगठा दाखवतात, तोही ओळखीखातर. आमचं इंजिन म्हणजे लोखंडी कपाटाला चाकं लावलेली, हे मलाही दिसतं. पण मी आयुष्यभर तेच टिपलं आणि मला त्याची लाज वाटत नाही.

त्या गाडीवर माझे बाबा गेटमन होते. रस्ता आडवा आला की गाडी अलीकडेच थांबायची. बाबा उतरून दोन्हीकडची फाटकं लावायचे आणि झेंडी दाखवायचे. गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, बाबा फाटकं उघडायचे आणि पळत शेवटच्या डब्यात चढायचे. लोक या प्रकाराला हसत. बाबांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. फाटकाच्या आत कुणी उभं राहिलेलं त्यांना खपत नसे, मग तो सरपंच असो की कॅमेरा घेतलेला मी. "मांगं सर, गाडी येऊन राह्यली," म्हणून त्यांनी मला किती वेळा हाकललं असेल!

ड्युटीवर असताना ते फोटोला उभे राहत नसत. एकदाच ते तावडीत सापडले. मागे दिवा लावलेलं इंजिन, पुढे फाटकावर हात ठेवलेले बाबा. कामावरचा त्यांचा तेवढाच फोटो.

पुढे गाडी बंद झाली. तात्पुरती बंद, असं सांगण्यात आलं. त्या तात्पुरत्याला इतकी वर्षं झाली की रुळांत बाभळी उगवल्या.

यंदा गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून दारव्ह्यात सभा ठरली. सभेची मंडळी दिग्रसला आमच्या घरी आली, बाबांना जयभीम घातला, चहा घेतला आणि फलकासाठी तोच फोटो मागितला. मला द्यायचं जिवावर आलं होतं. पण बाबांचा चेहरा असा काही उजळला की मी निमूटपणे दिला. त्यानंतर गल्लीत सांगायचं एकही घर उरलं नाही. "माहा फोटो चौकात लागून राह्यला," हे बाबांनी दळण आणायला गेलेल्या बायांनाही सांगितलं.

सभेच्या सकाळी बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. आम्ही एसटीने दारव्ह्याला गेलो. चौकात फलक होता, चांगला दुमजली घराएवढा. इंजिन माझं होतं, दिवा लागलेला होता, फाटकही होतं. बाबा नव्हते. त्यांच्याऐवजी फाटकाच्या आत, बरोबर रुळांवर, हात जोडलेले एक पुढारी हसत उभे होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फलकवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "भाऊ, तो बुढा मंधात येत होता, म्हून काढला." मंधात! जो माणूस जन्मभर दुसऱ्यांना मधून बाजूला करत आला, तो यांना मध्ये आला. शिव्या तोंडात आल्या होत्या, पण बाबा शेजारी होते.

बाबा बराच वेळ वर बघत राहिले. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता ते "मी कुठी हाओ?" असं विचारतील आणि मला उत्तर द्यावं लागेल. ते मला नको होतं.

त्यांनी विचारलंच नाही. पुढाऱ्याकडे बोट करून ते म्हणाले, "तो आत उभा हाय. त्याले मांगं सरायले सांग. गाडी येऊन राह्यली."

मी त्यांचा हात धरून स्टँडकडे निघालो. सभा अजून सुरूही झाली नव्हती.