खाऱ्या मातीखालची अंबाडी

बाळकुमची आवडाबाई नाकाने जगते, असं गावात म्हणत. तिला तोंडही होतं, आणि बहुतेकांची गाठ आधी त्या तोंडाशीच पडायची. पण खरी कामाची वस्तू नाकच. उफणलेलं भात हुंगून ते कणगीत टाकण्याजोगं वाळलंय की नाही हे ती सांगे. सकाळी खाडीवरचा वारा हुंगून मिठागराच्या वाफ्यात आज मीठ धरेल की नाही, तेही सांगे. मिठागराचा मुकादम चार लोकांत तिच्यावर ओरडायचा, आणि मग हळूच बाजूला येऊन विचारायचा, "आवडा, आज कं वाटतं?"

तिचा नवरा राघो तापाने गेला त्याला सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. राहिलं होतं एक कौलारू घर, गावावरचा दोन एकरांचा माळ आणि धाकटा दीर काळुराम. आपल्या माळाबरोबर तिचा माळही काळुरामच कसायचा, नाचणी नि वरी काढायचा, आणि चार पाट्या धान्य वहिनीच्या ओटीवर आणून ओतायचा. तो वाईट माणूस नव्हता. आपल्याला सगळं कळतं असं समजणारा होता, आणि असल्या माणसाशी वाईट माणसापेक्षा जास्त जपून वागावं लागतं. त्या चार पाट्या ओतताना तो ज्या थाटात उभा राहायचा, तो थाट आवडाबाईला सहा वर्षं सलत होता. माळ राघोचा, म्हणजे तिचा. आणि धान्य मात्र भीक वाढल्यासारखं मिळायचं.

एकोणीसशे पन्नासचा उन्हाळा. मिठागरावर मिठाच्या राशी पांढऱ्याशुभ्र उभ्या होत्या आणि भरायला गोणी नव्हती. मुकादमाने बायकांना सांगितलं, नवं मीठ काढू नका, आधीचंच पडून आहे. हाताला काम असून काम थांबलं, याचा आवडाबाईला मनस्वी राग आला. मीठ वाफ्यात तयार, डोकं पाटीखाली जायला तयार, आणि अडलंय कशापायी, तर गोणपाटापायी!

त्याच आठवड्यात शेतकी खात्याचे हरिहरराव माजिवड्याकडून सायकल हाकत गावात आले. पोरसवदा, घामाघूम, पुण्याकडचे. देवळापुढे माणसं जमवून त्यांनी सांगितलं, "फाळणीत तागाची शेतं बहुतेक सगळी पलीकडे गेली, आणि गोणपाटाच्या गिरण्या राहिल्या आपल्याकडे. गिरणीला ताग नाही तर गोणी नाही. गोणी नाही तर साखर, सिमेंट, धान्य कशात भरायचं? शिवाय आपलं गोणपाट परदेशी विकलं जातं. त्या पैशांतून सरकार बाहेरचं धान्य आणतं. ताग इथे नीट येणार नाही, पण अंबाडी येईल. तिच्या सालीचा धागा, म्हणजे वाख, तोही चालतो. माळ रिकामे ठेवू नका, अंबाडी लावा."

माणसं हसली. अंबाडी म्हणजे नाचणीच्या कडेने लावायच्या दोन ओळी. पाल्याची आंबट भाजी आणि बैलाची दावी, एवढाच तिचा मान. तिचं आख्खं शेत लावायचं?

आवडाबाई हसली नाही. ती मागून उभी राहिली. "म्हंजे साहेब, रेशनवर ती लाल मिलो जवारी मिलते, ती गोनपाटाच्या बदल्यात येते?"

"थोडीफार तशीच म्हणायची, बाई."

"आनी आमचं मीठ आगरावर परलंय, तेबी त्याच्यापायीच?"

"त्याच्यापायीच."

बस्स, तिला एवढंच हवं होतं. बाकीचा देश तिने पाहिला नव्हता, पण मिठाची रास रोज पाहत होती. ती तडक काळुरामच्या ओटीवर गेली आणि यंदा माळ मी लावणार म्हणून सांगून मोकळी झाली.

काळुराम आधी हसला, मग चिडला. "वयनी, गावाला भाजी घालतंस कं? नाचनी सोरून अंबारी? बरं, लाव. पन दिवालीच्या पाडव्यापरत वाख निंगला नाय, तं माळ कायमचा माझे हातान. परत नाव काराचं नाय."

"नाय कारनार," आवडाबाई म्हणाली. पाच माणसांदेखत म्हणाली. घरी येऊन चुलीपुढे बसल्यावर मग ती पाडव्यापर्यंतचे महिने बोटांवर मोजायला लागली.

पीक मात्र देखणं आलं. गणपतीपर्यंत अंबाडी माणसाच्या डोक्यावर गेली. जाणारेयेणारे विचारत, "आवडाबाय, भाजी कवा?" ती प्रत्येकाला सणसणीत उत्तर देई आणि पुढे निंदायला लागे. पिवळी फुलं दिसताच तिने कापणी घेतली. बांधालगतच्या दोन ओळी तेवढ्या बियाण्याला उभ्या ठेवल्या. बियाणं ठेवायची हिंमत कुठून आली हे तिलाही सांगता आलं नसतं.

आता खरं काम. अंबाडी पाण्यात कुजवायची. खोडावरची साल मऊ पडली की वाख सुटतो. हरिहररावांनी बजावलं होतं, "मोळ्या पूर्ण बुडाल्या पाहिजेत. वर भरपूर वजन ठेवा. साधारण पंधरा दिवस." घट बसायच्या दोन दिवस आधी तिने मोळ्या खाडीकाठच्या खाजणाच्या बांधाजवळच्या डबक्यात उतरवल्या. आणि वजन म्हटल्यावर तिचे हात जिकडे गेले, तिकडे कुठल्याही आगरी बाईचे गेले असते. खाजणाचा काळा, चिकट चिखल! बांध घालायला तो, वाफा चोपायला तो. जन्म त्या चिखलात गेलेला. तिने त्याचे जाडजाड थर मोळ्यांवर अशा निगुतीने लिंपले की डबकं नव्या वाफ्यासारखं दिसायला लागलं. स्वतःवरच खूश होऊन ती घरी आली.

कोजागिरीला पंधरा दिवस भरले. तिने एक मोळी उपसली, साल ओढली. साल हलेना. काडी जशी कापली होती तशीच टणक, हिरवट. अठराव्या दिवशीही तेच. नाकाला साधा कुबट वाससुद्धा नाही. एव्हाना भातकापणी सुरू झाली होती. काळुराम विळा घेऊन डबक्यावरून जाई, थांबे, डोकावे आणि पुढे जाई. तो बोलला असता तर बरं झालं असतं. तिला भांडता तरी आलं असतं. हरिहरराव मुरबाडकडे फिरतीवर गेलेले. आवडाबाई घाबरली होती. माळ जाणार, त्या चार पाट्या जन्मभर ओटीवर पडणार, आणि आपण त्या मुकाट्याने उचलणार, हे तिला डोळ्यांपुढे दिसत होतं.

दुपारी ती जेवायला बसली तेव्हा शेजारची म्हातारी सखुबाई तोंडी लावायला काहीतरी मागायला आली. आवडाबाईने बरणीतून खारवलेल्या बोइट मासळीचा तुकडा काढून दिला.

"कवाचं गं हे?" सखुबाईने विचारलं.

"वैशाखातलं."

"आनी अजून कसं टकटकीत! कुजलं नाय."

"कुजंल कसं मावशे? मीठ चोललंय..." आणि आवडाबाईचा घास हातातच राहिला.

मीठ! खाजणाची माती चाटली तर जीभ पोळते, आणि तीच माती तिने हातभर जाड लिंपली होती. जन्मभर मासळी कुजू नये म्हणून जे केलं, तेच तिने अंबाडी कुजावी म्हणून केलं होतं. अख्ख्या पिकाचं तिने खारवण घातलं होतं! आवडाबाई हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सखुबाईला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

अंबाडी नासली नव्हती, नुसती टिकली होती. त्या दुपारी तिला इतकं हलकं वाटलं की ताट तसंच टाकून ती धावली. सखुबाईच्या दोन सुना मदतीला घेतल्या. चिखल खरवडला, मोळी न् मोळी विहिरीच्या पाण्याने धुतली आणि माळाखालच्या गोड्या पाण्याच्या खड्ड्यात उतरवली. वर या वेळी नुसते दगड ठेवले. दिवाळी बारा दिवसांवर होती.

रोज सकाळी ती खड्ड्यापाशी बसून हुंगायची. तिसरा दिवस, काही नाही. पाचव्या दिवशी बुडबुडे. सातव्या दिवशी वाऱ्याबरोबर असा दणकून वास सुटला की अर्धं गाव नाकाला पदर लावून भांडायला आलं. "आवडाबाय, मेलं काय तुझ्या खड्ड्यात?" आणि ही बया खड्ड्याच्या काठावर उभी राहून सगळ्यांना हात जोडत म्हणते, "कुजली गो, कुजली माझी अंबारी!" दुर्गंधीने एवढं सुखावलेलं माणूस बाळकुमने त्याआधी पाहिलं नव्हतं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली. एक काडी घेतली, बुडाशी मोडली, साल धरून ओढली. वाख सरसरत सुटला. लांब, सलग, पिवळसर पांढरा. दुसरी काडी, तिसरी. सगळ्यांचं तेच. पाण्यात उभ्या उभ्या तिला रडू आलं. राघो गेल्यापासून ती अशी रडली नव्हती.

फिरतीवरून परतलेले हरिहरराव काठावर आले, तर त्यांना सगळी हकिगत ऐकावी लागली. "चूक माझी, बाई," ते म्हणाले. "वजन ठेवा म्हणालो, कशाचं ते सांगितलंच नाही." आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं की मोळ्यांवर खारी माती घालू नये.

पाडव्याला मांडवाच्या दांडीवर वाखाच्या लडी वाळत होत्या. उन्हात त्या झळकत होत्या. दोन दिवसांनी गाडी जुंपून तो माल कल्याणच्या वखारीत जायचा होता. काळुराम आला. लडींखाली उभा राहिला. एक धागा दोन हातांत धरून त्याने तोडायचा प्रयत्न केला, तुटेना. दाताने तोडून पाहिला. मग खाली मान घालून अंगठ्याने माती उकरायला लागला. आवडाबाई एकेक लड उलटून उन्हाला करत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला बोलायची घाई नव्हती.

"वयनी," तो शेवटी म्हणाला, "बी राखलंस कं? माझे माळाला लागंल."

"राखलंय," ती म्हणाली. "बांधावरच्या दोन ओली. ये घेवाला." आणि आत जाऊन तिने करंज्यांचं ताट आणलं नि त्याच्यापुढे ओटीवर ठेवलं.