'जाते'चं बटण

सुकेशनीला कुणाला घाबरवणं जमणार नाही, हे मानवतच्या कॉलेजातला शिपाईसुद्धा छातीठोकपणे सांगेल. दाखला मागायला आलेल्या पोरांना ही क्लार्कबाई आधी खुर्ची देते, मग फॉर्म. अशा बाईनं भीतीचा गेम करायचा म्हणजे शेळीनं डरकाळी फोडायची! पण केला. परभणी-मानवत एसटीत बसून, दीड वर्ष फोनवर चित्रं काढत केला. कंडक्टरला वाटायचं, पोरगी स्थळं बघायलीय.

गेमचं नाव 'पाहुणी'. चित्र बघायचं, खालचा मजकूर वाचायचा, दोन बटणांतलं एक दाबायचं. वीस मिनिटांत गोष्ट खलास. भरदुपारी एक अनोळखी बाई घरी येते, चहा पिते आणि तुमच्याच घरातलं जुनंपानं तुम्हालाच सांगू लागते. शेवटी तिचे डोळे लाल होतात, भिंतीवरून रक्त ओघळतं.

रविवारी संध्याकाळी सहापर्यंत तो एका स्पर्धेला पाठवायचा होता, आणि इथंच घोडं अडलं. कुणी घाबरेचना! शेजारची रेणुका लाल डोळे बघून म्हणाली, "अगं बया, ही तर आमच्या सासूबाईवानी दिसायलीय!" भाऊ सिद्धोधन हसता हसता पलंगावरून घसरला. सुकेशनीनं मनाशी ठरवलं, एक जरी माणूस दचकलं तर पाठवायचा, नाहीतर पुसून टाकायचा.

उरली आई, सरजाबाई. तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस. भूत आलं तर त्याला ओळीत बसवून खिचडी वाढेल अशी बाई. रविवारी चारच्या सुमाराला चष्मा चढवून तिनं फोन घेतला.

"ओळख ना पाळख, हिला चहा कामून दिला गं?"

रक्त ओघळलं. "चांगली भिंत खराब केली," एवढंच म्हणाली. सुकेशनीचं तोंड उतरलं.

पण सरजाबाई फोन काही खाली ठेवेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बोट हवेतच.

"आई, संपला की गेम. बंद कर."

"कसा करू? हितं 'जाते' लिवलंय."

"मग दाब की." 'बाहेर पडा' बटणात मावेना, म्हणून तिनं आपलं 'जाते' टाकलं होतं.

"जिभेला हाड हाय का तुझ्या? निघताना बाईमाणसानं 'जाते' म्हणावं का? 'येते' म्हणावं."

"ते शेजारचं बटण हाय. पण त्यानं..."

"पाहुणी परत येती. दाबून बघितलं म्या. दोनदा." सरजाबाईचा आवाज खाली आला होता.

"मंग फोनच बंद करून टाक ना," सिद्धोधन म्हणाला.

"आन् ती आतच ऱ्हायली म्हंजे रं?"

सिद्धोधनचं हसू जागच्या जागी विझलं. सुकेशनीनं आईच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावलाच. लाल डोळे काढले, रक्त पुसलं, भिंत पांढरीशुभ्र केली. राहिली साधी पाहुणी, रिकामी कपबशी आणि ती दोन बटणं. सहाला दहा कमी असताना गेम स्पर्धेला गेला.

सोमवारी सकाळी तिनं पर्स खांद्याला लावली आणि रोजच्यासारखी उंबऱ्यातून हाक दिली, "आई, येते गं!"

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. पिठाच्या हातानंच सरजाबाई बाहेर आली, लेकीला खालून वर न्याहाळत म्हणाली,

"तूच हायस ना गं?"