रीळ बदलेपर्यंत

अख्ख्या मोहाडीत सिनेमा सगळ्यात गप्प बसून कोण पाहतं, तर बत्तीमामा. आणि सिनेमाची सगळ्यात जास्त टर कोण उडवतं, तर तेही बत्तीमामाच. नवख्या माणसाला हे कोडंच वाटायचं. मलाही वाटलं होतं. सत्तरच्या दशकात मी मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून तिथे गेले आणि कोष्टी मोहल्ल्यात त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली, तेव्हा कुठे ते मला हळूहळू उलगडलं.

धानाची कापणी आटोपली की बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. टॉकीजकडे मशीन एकच. एक रीळ संपलं की पडदा पांढरा व्हायचा, तंबूतला पिवळा दिवा लागायचा आणि ऑपरेटर दुसरं रीळ चढवायला घ्यायचा. तीन तासांच्या सिनेमात असं सात-आठ वेळा व्हायचं. इतर गावांत लोक तेवढ्यात शिट्ट्या मारत असतील, शेंगा फोडत असतील. मोहाडीत दिवा लागला की लोक माना वळवून पुरुषांच्या बाजूच्या तिसऱ्या रांगेकडे बघत. तिथून एक किडकिडीत माणूस खांद्यावरचा दुपट्टा झटकत उठायचा आणि आतापर्यंत झालेल्या सिनेमाचा हिशेब मागायचा. बत्ती लागली की बोलतात म्हणून बत्तीमामा. खरं नाव पोस्टमनलाच ठाऊक असावं.

मामा हातमागावर लुगडी विणायचे. त्यामुळे पडद्यावर कोण रडतंय यापेक्षा त्याने अंगात काय घातलंय, इकडे त्यांचं आधी लक्ष जायचं. एका सिनेमातली विधवा आई शिलाई मशीन चालवून मुलांना वाढवत होती. बायका पदराने डोळे पुसत होत्या. दिवा लागला आणि मामा उठले. "माय सकाळपासून मशीन हानून राहिली. पोट्टे मोठे झाले, कॉलेजात गेले, पन कापड हाये तिथंच! एक बाही नाही झाली पुरी. अन् नेसली काय, तं महीन रेशमी पातळ! म्या असा माग चालवला असता तं आमच्या घरी चूल पेटली असती काय जी?" रडणाऱ्या बायका रडता रडता हसल्या. शेवटी मामांनी नेहमीप्रमाणे दोन्ही हात कमरेवर ठेवून विचारलं, "समजलं काय?" आणि सगळा तंबू ओरडला, "समजलं!"

सिनेमा चालू असताना मात्र एक शब्द नाही. "चालत्या मागात बोट घालू नये," असं ते म्हणायचे. एकदा भंडाऱ्याहून आलेला कुणी ओव्हरसियर मारामारीच्या सीनमध्ये सारखा टोमणे मारत होता. मामा गप्प. दिवा लागल्यावर त्याच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, लोकायनं तिकीट सिनेमाचं काढलं, आपलं नाही. ज्याचा खेळ हाये त्याले पयले खेळू द्या. मंग आपन हाओतच." साहेब उरलेल्या सिनेमात खोकलेसुद्धा नाहीत.

मामांना तोडीस तोड एक माणूस होता. तहसील कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देणारे अर्जनवीस. ते खुर्चीच्या तिकिटात बसत आणि शुद्ध मराठीत बोलत. एक बत्ती मामांची, एक बत्ती अर्जनविसांची, अशी वाटणी आपोआप झाली होती. एकदा पडद्यावरचा म्हातारा पाच मिनिटं मरत होता, सगळ्यांना आशीर्वाद देत होता आणि खुन्याचं नाव घ्यायच्या वेळी नेमकी मान टाकत होता. अर्जनवीस उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सदरहू मयताने मुलीच्या लग्नाची, गाईच्या चाऱ्याची आणि देशाच्या भवितव्याची चर्चा केली. फक्त मुद्द्याचं सांगायचं राहिलं. असला मृत्युपूर्व जबाब माझ्याकडे आला असता, तर मी लिहूनच घेतला नसता."

या दोघांवरून गावात दोन तट पडले होते, आणि ते ग्रामपंचायतीतल्या तटांपेक्षा पक्के होते. बाजारात वांगी निवडता निवडता वाद, विहिरीवर वाद. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत तर रणधुमाळी. वाद माणसांवरून, आणि वाद खेळांवरूनही. एक सिनेमा तीन दिवस चालायचा आणि मामा तिन्ही दिवस वेगळं बोलायचे, त्यामुळे "नागिणीचा पहिल्या दिवशीचा" आणि "नागिणीचा तिसऱ्या दिवशीचा" हे दोन स्वतंत्र खेळ मानले जात. पहिल्या दिवशी मामा एवढंच म्हणाले होते, "आमच्या धानाच्या बांधीत रोज साप निंगते. आजवर एकानंही गानं नाही म्हटलं." तिसऱ्या दिवशी त्यांनी नागिणीच्या चमचमत्या कपड्याचा ताणा-बाणा उलगडून दाखवला होता. तरीही काही जाणकारांच्या मते मामांचा सर्वश्रेष्ठ खेळ म्हणजे जत्रेत हरवलेल्या भावांचा. "आपल्या बाजारात दर हप्त्याले पोट्टे हरवते अन् अर्ध्या घंट्यात सापडते. यायले वीस वर्षं कायले लागले? कोनी पुकारलंच नाही!" एवढं बोलून त्यांनी स्वतःच दोन्ही भावांच्या नावाने हाका मारल्या होत्या म्हणे. हा खेळ मी पाहिला नव्हता, आणि जिने तो पाहिला नाही तिला या विषयावर बोलायचा हक्क नाही, असं आमच्या मोठ्या बाईंनी मला तोंडावर सांगितलं होतं.

मी तेव्हा अर्जनवीस पक्षात होते. भंडाऱ्यात शिकलेली, चार पुस्तकं वाचलेली. मला त्यांची भाषा भारदस्त वाटायची. माझा पक्ष फुटला तो मामींमुळे.

बायका आणि पुरुष यांच्यामध्ये कापडी कनात असायची. मामी, म्हणजे बत्तीमामांच्या घरच्या, नेहमी कनातीला लागून, एका बांबूजवळ बसायच्या. दिघोरीच्या शेतकऱ्याची मुलगी, अतिशय भिडस्त. घरातही त्यांचा आवाज मागाच्या खडखडाटाखाली बुडून जायचा. एके दिवशी मी त्यांच्या शेजारी बसले. मामांचं बोलणं झालं, "समजलं काय?" झालं, तंबू गर्जला. आणि सगळे हसत असताना मामींनी हातातली बांगडी बांबूवर हळूच दोनदा वाजवली. टक टक. कनातीच्या फटीतून मी पाहिलं, मामा अजून उभेच होते. टकटक ऐकली आणि मग खाली बसले.

दुसऱ्या दिवशी मी मामांना मागाजवळ गाठलं. आधी त्यांनी धोटा ताण्यातून उगाचच दोनदा फिरवला. मग म्हणाले, "बाई, थे खेड्यातली. सिनेमातली हिंदी तिले नाही समजे. लगनानंतर पयल्यांदा घेऊन गेलो तं सारा खेळ माती पाहत बसली. जोडीनं जाव अन् अलग अलग बसाव, तं सांगाव कसं? मंग बत्ती लागली का म्या मोठ्यानं सांगाले लागलो. लोक हसले. तीही हसली. मंग काय, आदतच पडली." मग धोटा परत हातात घेत म्हणाले, "गावभर सांगत नोका फिरू हे."

मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी बत्तीपक्षात गेले आणि अर्जनवीस पक्षाच्या मोठ्या बाईंशी माझा आठवडाभर अबोला झाला.

पुढच्या हंगामात टॉकीजच्या मालकाने दुसरं मशीन आणलं. केवढा अभिमान होता त्याला! गावभर भोंगा फिरला, की आता सिनेमा न थांबता, शहरातल्यासारखा. पहिल्याच खेळात एक रीळ संपायच्या आत दुसऱ्या मशीनवर पुढचं सुरू झालं. दिवा लागलाच नाही. लोकांनी सवयीने माना वळवल्या आणि परत सरळ केल्या. मध्यंतरात मामा उठले खरे, पण निम्मे लोक चहाला पळाले होते आणि बाहेर भज्यांवर गर्दी होती. मामा बसले.

अर्जनविसांनी अर्ज लिहिला. "विषय: रीळ बदलण्याचा वेळ पूर्ववत मिळणेबाबत." त्यांनी पहिली सही बत्तीमामांची घेतली, दुसरी स्वतःची केली आणि खाली दोन्ही तटांच्या सह्या आणि अंगठे. मालकाने अर्ज वाचला, पोट धरून हसला आणि म्हणाला, "मशीन काय पूजेले आनली काय?"

मामांना कुणीतरी सुचवलं, की सिनेमा चालू असतानाच बोला. ते म्हणाले, "नाही जमत बाप्पा." त्यानंतर ते नुसते येऊन बसत. मामींनी तर यायचंच सोडलं. मी बोलवायला गेले तर म्हणाल्या, "समजतच नाही तं कायले जाव बाई?" हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की मलाच रडू आलं. तंबूतल्या हसण्याचं काय व्हायचं ते होवो. या दोघांचं सिनेमातलं बोलणंच बंद झालं होतं, आणि ते मला बघवेना. शेवटी हंगामातल्या शेवटच्या सिनेमाला मी त्यांना हाताला धरून नेलं.

सिनेमात नायक डोंगरावरून पडला. खाली नदी. बायकांनी श्वास रोखले. आणि त्या शांततेत माझ्या शेजारून आवाज आला, "मले नाही समजलं!"

मामी! मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पदर घट्ट ओढून, मान खाली घालून त्यांनी पुन्हा म्हटलं, अगदी कनात हलेल एवढ्यानं, "मले नाही समजलं जी!"

मग पुरुषांच्या बाजूने अर्जनविसांचा खणखणीत आवाज आला, "मलाही समजलं नाही!" मग कोण कुठून ओरडतंय ते कळेना. "नाही समजलं! नाही समजलं!" ऑपरेटर मूळचा आपलाच माणूस, पक्का बत्तीपक्षाचा. त्याने मशीन थांबवलं आणि दिवा लावला.

मामा उठले. दुपट्टा झटकायचं विसरले. एवढ्या माणसांत बायकोने साद घातली होती, काय बोलणार! शेवटी घसा खाकरून म्हणाले, "आता... हिरो पडला. नदीत. पाण्यातून वरतं आला तं केसाचा भांग जसाचा तसा. हे तं मलेही नाही समजलं!"

तंबू फुटतो की काय असं वाटलं. मालकसुद्धा डोळे पुसत होता. "समजलं काय?" मामांनी विचारलं, आणि कसं कुणास ठाऊक, या वेळी तंबू गप्प राहिला. सगळ्यांनी वाट पाहिली. टक टक. मग मामा बसले.

पुढच्या हंगामापासून मालक प्रत्येक खेळात चार वेळा दिवा लावू लागला. दुसरं मशीन "गरम होते" म्हणून सांगायचा. तो डोंगराचा खेळ सर्वश्रेष्ठ की हरवलेल्या भावांचा, हा वाद मी बदली होऊन जाईपर्यंत मिटला नव्हता. मामांचे जुने भक्त म्हणत, एकाच वाक्याचा खेळ तो काय खेळ. बायका ऐकून घेत नसत. अर्जनविसांना विचारलं तर ते म्हणायचे, "त्या दिवशी मी पक्ष बदलला. आता माझं मत ग्राह्य धरू नये."

मग व्हिडिओ आले, तंबू येईनासा झाला. मामा एका उन्हाळ्यात फार त्रास न होता गेले. मी तेव्हा भंडाऱ्यात होते. वर्षभराने मामी दवाखान्याच्या कामाने माझ्याकडे राहायला आल्या. रविवार होता, टीव्हीवर संध्याकाळचा सिनेमा लागला होता. मामी पलंगावर बसून पडद्याकडे बघत होत्या, पण त्या काही बघत नव्हत्या हे मला कळत होतं. निम्म्यात सिनेमा थांबला आणि बातम्या लागल्या.

शाळेच्या गॅदरिंगमध्येही मी कधी भाषण केलं नव्हतं. पण मी उठले. टीव्हीचा आवाज बंद केला, पदर झटकला आणि झालेल्या सिनेमाची होती नव्हती ती सगळी अब्रू काढली. गरीब नायिकेच्या घराच्या जिन्यापासून ते नायकाच्या पांढऱ्या बुटांपर्यंत. शेवटी दोन्ही हात कमरेवर ठेवून विचारलं, "समजलं काय?"

मामी तोंडाला पदर लावून हसत होत्या. "तुमच्या मामाजीसारखं नाही जमत बाई तुमाले," म्हणाल्या. हातात आता बांगड्या नव्हत्या. त्यांनी बोटाचं पेर वाकवलं आणि पलंगाच्या लाकडावर हळूच दोनदा वाजवलं. मग मी खाली बसले.