गाठ दाखवायची कधी?

फुकट काही शिकवायला गेलं की लोक आधी संशय घेतात, मग चहा देतात आणि निघताना हातात एखादा किस्सा ठेवतात. आम्ही तिघी भिवंडीत आणि आसपासच्या गावांत बायकांना स्तनांची तपासणी घरच्या घरी कशी करायची ते शिकवतो. एक डॉक्टर शैलाताई, एक मी, म्हणजे रिटायर्ड नर्स, आणि तिसरी रुबीना. मराठी कळत नाही अशा बायकांना ती आमचं सगळं बोलणं हिंदीत समजावते, तेही आमच्यापेक्षा मोठ्या आवाजात.

आम्ही पैसे घेत नाही, गोळ्या विकत नाही, पॉलिसी काढत नाही. एवढं सांगूनही कुणीतरी विचारतंच, "मग तुमाला यात काय मिळतं?"

"चहा!" शैलाताई म्हणतात.

किस्से त्यांनाही मिळतात, पण त्या सांगत बसत नाहीत. ते काम माझ्याकडे आहे.

*

टेमघरला एका मंडळाच्या कार्यकर्त्याने रिक्षातून अनाउन्समेंट करायचं कबूल केलं. 'स्तनांच्या आरोग्याविषयी मोफत मार्गदर्शन' असं आम्ही स्वच्छ लिहून दिलं होतं. पण माईक हातात आल्यावर बिचाऱ्याच्या तोंडातून तो शब्द काही बाहेर पडेना. "महिलांच्या... शरीराच्या... वरच्या भागाचं शिबिर!" असं ओरडत तो सगळीकडे फिरला.

हॉल गच्च भरला. पहिली बाई दाढ दाखवायला आली होती. दुसरीला चष्म्याचा नंबर काढायचा होता. तिसरीचे केस गळत होते.

शैलाताईंनी दाढ बघितली, डोळे बघितले, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता सगळ्या आल्याच आहात, तर जरा खाली येऊ या!"

*

कामतघरला आमचं सेशन एका चाळीच्या खोलीत होतं आणि भिंतीपलीकडे पॉवरलूमचा कारखाना. लूम चालू असले की तिथे कुजबुज नावाचा प्रकारच नसतो. नवराबायको भांडण आणि लाडीगोडी एकाच आवाजात करतात.

त्यामुळे रुबीनाही ओरडून शिकवत होती. "नहाने के बाद आईने के सामने खडे रहो! दोनों छाती देखो! एक बडी, एक छोटी लगी तो घबराओ मत! नया कुछ दिखा तो डाक्टर को दिखाओ!"

"दोनों छाती देखो!" दुसऱ्यांदा म्हणताना लाइट गेली. सगळे लूम एकदम बंद पडले आणि ते वाक्य अख्ख्या गल्लीत घुमलं.

बायकांनी तोंडाला पदर लावले, कुणी ओढण्या. रुबीना लाल झाली. मी आपली छताकडे बघत बसले. आता कारखान्यातले लोक हसणार किंवा कुणीतरी भांडायला येणार, अशी माझी खात्री होती.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून एका पुरुषाचा आवाज आला.

"बाजी, रुक क्यूं गयी? आगे बोलो. मेरी घरवाली गांव में है, उसको फोन पे बताना है!"

*

गणेशपुरीच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावर आम्ही रबराचं मॉडेल घेऊन गेलो. त्यात गाठ बसवलेली असते. बायकांनी बोटांनी दाबून ती शोधायची. मॉडेल गुलाबी, परदेशी बाईचं असावं तसं. पाड्यावरच्या एका म्हातारीने ते हातात घेतलं, गाठ बरोबर शोधली आणि हळहळली, "गोरी हाय गं बाय. कवापासून हाय हिला?"

शैलाताई तिला म्हणाल्या, "आजी, तुमच्या हाताला लागली ना? अशी कुणाला लागली तर थांबायचं नाही. लगेच दवाखान्यात आणायचं."

भात कापून झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. मॉडेल तेच. म्हातारीने पुढे होऊन दाबून पाहिलं आणि सगळ्या बायकांसमोर शैलाताईंना फैलावर घेतलं.

"अजून तशीच हाय की! आमाला सांगता थांबू नका, आन हिला तुमी दवाखान्यात नेलीच न्हाय?"

*

एक जमीनदार गृहस्थ बायकोला घेऊन आले. गळ्यात जाड चेन, बाहेर मोठी गाडी. शैलाताई बायकोला विचारायच्या आणि उत्तर हे द्यायचे.

"दुखतं का?" "न्हाय दुखत." "पाळी नियमित आहे?" "एकदम टायमावर!"

शैलाताईंनी पेन खाली ठेवलं. "स्तनांचा कॅन्सर क्वचित पुरुषांनाही होतो, माहीत आहे ना?"

गृहस्थ उठले. शर्टाच्या खिशावर हात ठेवून तसेच बाहेर जाऊन बसले. मग बाई भरभरून बोलल्या, तपासणी झाली, सगळं ठीक निघालं.

पुढच्या आठवड्यात गृहस्थ एकटेच हजर! "मिसेस कशा आहेत?" मी विचारलं.

"तिला काय धाड भरलीय? माझंच जरा बगा ना मॅडम."

*

आता हिराबाईंचा. हिराबाई टेमघरच्या धवलारीण. आगरी लग्नात धवलारीण देवांना गाण्यातून आवतण देते, त्याशिवाय हळद लागत नाही. त्यामुळे मोठमोठे जमीनवाले या बाईपुढे वाकून उभे असतात. आमच्या सेशनला त्या आल्या त्याही तोऱ्यात. शेवटी शेजारी बसलेल्या प्रणाली नावाच्या मुलीला म्हणाल्या, "अशी एक गाठ मना पन हाय. सुपारीएवडी. दुखत न्हाय, कशाला बोंब मारायची?"

प्रणालीने तिथल्या तिथे उठून शैलाताईंना सांगितलं. शैलाताईंनी आतल्या खोलीत नेऊन तपासलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघून माझ्या मनात पाल चुकचुकली. "बहुतेक गाठी साध्याच असतात," त्या हिराबाईंना म्हणाल्या, "पण ही तपासायलाच हवी. मॅमोग्राफी, सोनोग्राफी. याच आठवड्यात."

"लगीनसराई उठल्याव बगू."

लगीनसराई उठायला पावसाळा उजाडला असता. रुबीना दोनदा घरी जाऊन आली. मी फोन केले. हिराबाईंनी फोन बंद करून ठेवला. मला त्या बाईचा भयंकर राग आला होता आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. दुखत नाही म्हणून थांबलेल्या बायका मी वॉर्डात पाहिल्या आहेत.

त्यात प्रणालीचं लग्न आलं. तिने आम्हाला हळदीला बोलावलं. मांडव फुललेला, डीजेवाला स्पीकर जोडून तयार, हिराबाई नवी साडी नेसून मधोमध बसलेल्या. मागे गावातल्या बायका. धवलारीण एक ओळ गाते आणि या सगळ्या ती जशीच्या तशी परत म्हणतात, अशी रीत.

"बस गो पोरी चौरंगाव," हिराबाई म्हणाल्या.

प्रणाली उभीच. "आजी, दवाखान्यात कदी जाताव?"

"हलद लागूदे आदी."

"आदी शबुद द्या. मंग बसतंय."

आई ओरडली, मामा ओरडला, नवऱ्याकडून दोनदा फोन आला. प्रणाली काही हलेना! हिराबाई लालबुंद झाल्या. "मी गाल्याबिगर हलद लागत न्हाय, ठाव हाय ना?"

"आन मी बसल्याबिगर तुमी गाल कुनासाठी?"

हिराबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, आता उठून जाणार. पण त्यांनी गायला सुरुवात केली. गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, कुळाच्या देवाला बोलावलं आणि त्याच चालीत पुढे म्हणाल्या,

"सोमवारचे पारी गो, जाईन दवाखान्याचे दारी गो..."

प्रणाली खाली बसली. हळद लागली.

त्या गाठीचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. कॅन्सर होता, पण लहान होता. ऑपरेशन झालं, उपचार पूर्ण झाले, आणि बाई परत मांडवात बसून लोकांना दटावतात. पण किस्सा तो नाही.

किस्सा सोमवारचा. मी आणि रुबीना सकाळीच मॅमोग्राफी सेंटरच्या दारात उभ्या होतो. येतील की नाही, मला अजिबात खात्री नव्हती. तेवढ्यात एक टेम्पो आला. त्याच्या मागून दुसरा टेम्पो आला. पहिल्यातून हिराबाई उतरल्या. मग मांडवात त्यांच्या मागे बसून गाणाऱ्या बायका उतरायला लागल्या. तळहात अजून पिवळे, काहींच्या अंगावर हळदीच्याच साड्या. उतरतच राहिल्या. बाकडी भरली, जिना भरला.

काउंटरवरची सिस्टर घाबरून उभीच राहिली. "पेशंट कोण आहे?"

"मी," हिराबाई म्हणाल्या.

"मी," मागची म्हणाली. "मी," तिच्या मागची. "मी." "मी." जिन्यापर्यंत तेच.

"अहो, असं कसं? सगळ्यांना गाठ आहे का?"

"गाठ हिला हाय," मागची म्हातारी पुढे येऊन म्हणाली. "देवासमोर जाईन म्हनून सगल्याच बोललो ना!"