आमच्या देव्हाऱ्यातला चांदीचा त्रिशूळ

कंधार सोडलं त्या दिवशी अप्पांनी दुकानाचा तराजू, पिंपं, गादी असं सगळं ट्रकमध्ये चढवलं आणि आई चांदीचा त्रिशूळ मांडीवर घेऊन एसटीत बसली. विहिरींनी तळ दाखवला होता. गिऱ्हाईक पाणी शोधत फिरत होतं, दुकानात येणार कोण? तिकडे लातूर नवा जिल्हा झाला होता. अप्पांचं म्हणणं, जिल्हा झाला म्हणजे हापिसं येणार, हापिसं आली की साहेब येणार, आणि साहेब झाला तरी त्याला तूरडाळ लागतेच. गाडीत एका बाईनं त्रिशूळाला हात जोडले, मग मागच्या बाकांनीही जोडले. कंडक्टरनं आईला खिडकीची जागा करून दिली.

त्रिशूळ जेमतेम वीतभर. निजामाच्या काळातला कुणी इंग्रज साहेब हैदराबादला परत गेला, तेव्हा त्याच्या विकायला काढलेल्या सामानातून आजोबांनी तो उचलला होता. तीन रुंद दाते, बाहेरचे दोन डौलात वळलेले, दांड्यावर वेलबुट्टी. महादेवाला मानणारं आमचं घर, तो थेट देव्हाऱ्यात गेला.

लातुरात टँकरच्या रांगेत आमची शाळा बुडायची, पण त्रिशूळाची आंघोळ कधी चुकली नाही. तो वाटीभर पाण्यात न्हायचा आणि आम्ही ओल्या फडक्यानं अंग पुसायचो. मला त्याचा भयंकर हेवा वाटायचा. पूजा सांगणारे स्वामी घरी आले की आमच्याबरोबर त्यालाही विभूती लागायची.

आता मी इंग्लंडात, लीड्सला असतो. हीटिंगचं बिल, कौन्सिल टॅक्स आणि हवा तेवढा शॉवर. मध्यंतरी ताईनं लातुरात घर बांधलं. आईनं फोनवर सांगितलं, तसलाच त्रिशूळ तिकडं मिळतो का बघ, ताईच्या देव्हाऱ्यात ठेवू. रविवारच्या जुन्या बाजारात तो मिळाला, अगदी हुबेहूब. मी दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला. स्टॉलवरच्या म्हाताऱ्या बाई जरा बिचकल्या, मग प्रेमानं म्हणाल्या की हा जेवणाच्या टेबलावरचा काटा, थंड मटणाचे काप वाढायचा. गरमही नाही, थंड.

आमच्या घरात अंड्याचं नाव काढलं तरी आई चूळ भरायला लावते. आठवडाभर तो काटा टेबलावर आणि मी त्याच्यासमोर. पाठवावा तर पाप, सांगावं तर आईची जन्मभराची पूजा मोडीत. मला खरंच भीती वाटत होती. शेवटी फोन करून सांगून टाकलं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असंल. पर आपल्याकडं आल्यापासून त्यानं मटणाचं तोंड पाह्यलं न्हाई. आपल्यात ऱ्हाऊन आपल्यासारखा झाला. दे धाडून बिनघोर."

मी सुटलो म्हणून हसलो. तेवढ्यात ती म्हणाली, "अन् तू रे? तू तिकडं काय खायलास?"

गाव सोडलेल्या माझ्यासारख्यांनो, हा प्रश्न विचारणारं माणूस जिथं आहे, तेच आपलं घर. तिथं मला खोटं बोलता येत नाही. म्हणून मी नेटवर्क गेल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला.